मागच्या बाकावरची वही

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि एक मोठं दगडी कोर्ट समोर आणा. सरोवरावरून बोचरा वारा सुटलाय, दाराशी रांग लागलीय. रांगेत नऊ वर्षांची रेनिटा आत्याला चिकटून उभी आहे.

आत्या म्हणजे डॉक्टर ओडेसा टिलरी. सुई टोचणारी डॉक्टर नव्हे, विद्यापीठात समाजशास्त्र शिकवणारी. बारा वर्षं ती फौजदारी कोर्टात मागच्या बाकावर बसून वहीत लिहीत होती: काळ्या माणसाला कोर्ट किती मिनिटं देतं आणि गोऱ्याला किती.

"आत गेल्यावर चूप हं," आत्या म्हणाली. "आपण मध्ये बोललो की त्या दिवसाचं पान बाद."

"बारा वर्षं तू गप्प बसलीस? घरी तर बसत नाहीस!"

"आगाऊ कुठली!"

आत्या खाली वाकून तपासणीसाठी पिशवी रिकामी करू लागली. तेवढ्यात दारातल्या शिपायाला एका गोऱ्या तरुणाचा फोन दिसला.

"बंद कर आणि ठेव खिशात, बाळा."

त्याच्या मागे टाय लावलेला काळा माणूस होता. त्याच्याही हातात फोन होता.

"आत फोन न्यायचा नाही. गाडीत ठेवून ये."

"साहेब, मी बसने आलोय. नऊ वाजता तारीख आहे माझी. प्रूइट, यादीत बघा ना."

"मग ठेव कुठेही. चला, पुढचा!"

तो माणूस फोन ठेवायला रस्त्यापलीकडच्या दुकानाकडे धावत सुटला.

आत जजसाहेब आले. सगळे उठले, बसले. पुकारा झाला, "डेल्विन प्रूइट!" कोणीच पुढे आलं नाही. पुन्हा पुकारा झाला.

"गैरहजर," मान वर न करता जजसाहेब म्हणाले. "वॉरंट काढा."

रेनिटाने आत्याची बाही ओढली. "अगं, तो आला होता! फोनसाठी परत पाठवलं त्याला. त्या गोऱ्या दादाला मात्र सोडलं. आता काय होईल?"

"पकडून नेतील. तुरुंगात."

"मग सांग ना त्यांना!"

आत्याचं पेन थांबलं.

"मी वाकले होते गं," ती हळूच म्हणाली. "मी पाहिलं नाही, आणि न पाहिलेलं मी कधी सांगत नाही. पाहिलंस तू."

मग तिने त्या दिवसाच्या पानावर एक आडवी रेघ मारली आणि पेनाला टोपण लावलं.

रेनिटा बाकावरून उठली आणि वर्गात करतात तसा तिने हात वर केला.