एकतीस किलोमीटर बाकी

पुलगावच्या बाजारात प्रभाकररावांचं भांड्यांचं दुकान होतं. आयुष्यभर पितळ आणि स्टील तोलून तोलून त्यांना एक खोड लागली होती. जे मोजता येतं तेच खरं, बाकी सगळ्या बाता. गिऱ्हाईक 'घरचंच समजा' म्हणालं की यांची नजर आधी तराजूकडे जायची. अशा माणसाने २००८च्या दसऱ्याला नवी गाडी घेतली. त्या गाडीत स्टिअरिंगच्या मागे निळ्या उजेडात एक आकडा उमटायचा. टाकीत आहे तेवढ्या पेट्रोलवर गाडी अजून किती किलोमीटर जाईल, ते तो आकडा सांगायचा. झालं, प्रभाकररावांना देवच भेटला.

सकाळी उठून दात घासायच्या आधी ते गाडीत बसून आकडा बघून यायचे. दुकानात आलेल्या माणसाला चहाऐवजी आकड्याची गोष्ट पाजायचे. "आता पेट्रोल किती आहे हे इचारूच नका. कुठवर जाते ते लिहून येते," असं म्हणताना त्यांची छाती फुगायची, जणू ते यंत्र त्यांनीच घरी बसून केलं होतं. शोभाबाई हसायच्या. "तीस वर्षांत मले एवढं कधी पाह्यलं नाई तुम्ही," एकदा त्या म्हणाल्या. प्रभाकररावांना ते ऐकू गेलं नाही, कारण ते गाडीचं मॅन्युअल वाचत होते.

शोभाबाईंचे धाकटे भाऊ रूपराव यांचा देवळीच्या बाहेर, वर्ध्याच्या रस्त्यावर पेट्रोल पंप होता. साध्या मनाचा माणूस. भाऊजींची गाडी आली की हातातलं काम टाकून स्वतः नळी धरायचा आणि बहिणीसाठी आतून थंड पाणी मागवायचा. संक्रांतीच्या सुमारास शोभाबाईंना घेऊन जाताना प्रभाकरराव तिथे पेट्रोल भरायला थांबले. वीस लिटर घेतलं, गाडी सुरू केली, आणि त्यांचा चेहराच बदलला. मागच्या वेळी वीस लिटरला आकडा जेवढा वर चढला होता, तेवढा या वेळी चढला नव्हता.

आता त्याचं कारण साधं होतं. त्याआधीचा आठवडाभर गाडी पुलगावच्या गल्ल्यांतून पहिल्या-दुसऱ्या गिअरात रांगत होती. गाडी मागे जशी चालली तशीच पुढेही चालेल असं धरून तो आकडा निघतो. तो अंदाज आहे, माप नव्हे. गाडी देताना शोरूममधल्या पोराने हे सांगितलंही होतं, पण प्रभाकररावांनी त्या वेळी त्याला गाडीत पायाखाली टाकायच्या चटईचं विचारलं होतं.

"रूपराव, माप कमी आहे तुह्या पंपाचं," ते चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाले.

रूपराव आधी हसला. मग त्याला कळलं की भाऊजी थट्टा करत नाहीत. त्याने कपाटातून पाच लिटरचा सरकारी मापाचा डबा आणला आणि सगळ्यांदेखत त्यात पेट्रोल सोडलं. बरोबर रेषेवर आलं.

"डबा तं तुहाच आहे," प्रभाकरराव म्हणाले. "मशीनचं कोणासंग नातं नाई. ते काऊन खोटं बोलन?"

मागच्या सीटवर शोभाबाई मान खाली घालून बसल्या होत्या. त्या दिवशी रूपरावने बहिणीसाठी पाणी मागवलं नाही. त्यानंतर त्या पंपावर पाय ठेवणार नाही असं प्रभाकररावांनी जाहीर केलं, आणि मोबाइलमधला मेव्हण्याचा नंबरही पुसून टाकला. बहीण-भावाचं बोलणं तेव्हापासून तुटलं. शोभाबाईंनी एकदाही तक्रार केली नाही, आणि प्रभाकररावांनी त्याचा अर्थ आपलंच बरोबर आहे असा घेतला.

मे महिन्यात, भर दुपारी, शोभाबाई भांडी घासता घासता खाली बसल्या. छातीत दुखत होतं, डाव्या हाताला मुंग्या आल्या होत्या, अंगावरचं लुगडं घामाने चिंब. गावातल्या डॉक्टरांनी जिभेखाली गोळी दिली आणि सांगितलं, "लगेच वर्ध्याला मोठ्या दवाखान्यात न्या. कुठे थांबू नका." प्रभाकररावांनी त्यांना मागच्या सीटवर दाराला टेकवून बसवलं, एसी लावला आणि किल्ली फिरवली. आकडा आला अठ्ठावन्न. दवाखाना चाळीसच्या आत. त्यांना धीर आला.

आदल्याच दिवशी गाडी नागपूरहून आली होती, सरळ रस्ता, एक वेग, एसी बंद, खिडक्यांना संध्याकाळचा वारा. गाडीला तेवढंच आठवत होतं.

"कसं वाटून राह्यलं?" त्यांनी आरशात पाहत विचारलं.

"बरं आहे," शोभाबाई म्हणाल्या. आवाज बरा नव्हता.

देवळी मागे पडली तेव्हा आकडा एकतीसवर आला होता. रस्ता वीस किलोमीटरही सरला नव्हता आणि आकडा सत्तावीसने उतरला होता. प्रभाकररावांना वजाबाकी येत नव्हती असं कोणी म्हणू नये. जन्मभर त्यांनी दुसरं केलं काय? त्यांना ते दिसलं, चांगलं लख्ख दिसलं. आणि समोर डाव्या हाताला रूपरावचा पंप आला. उन्हात एकही गाडी नव्हती. पत्र्याच्या सावलीत रूपराव खुर्ची टाकून बसला होता.

"अहो," मागून शोभाबाई म्हणाल्या, "रूपरावच्या पंपावर थांबा न जरा."

"पेट्रोल आहे. एकतीस दाखवून राह्यलं. वर्धा वीसच्या आत."

"पेट्रोलसाठी नाई म्हणत मी."

काय म्हणायचं आहे ते त्यांना समजलं. पण थांबायचं म्हणजे त्या माणसाला नळी धरू द्यायची, आणि आपलं मशीन खोटं होतं असं न बोलता कबूल करायचं. "डॉक्टरनं सांगितलं न, कुठं थांबू नका," ते म्हणाले आणि पाय दाबला. खोटं बोलायला त्यांना आज आयतं खरं मिळालं होतं. पंप मागे गेला.

पुढे रस्ता रुंद करायचं काम चाललं होतं. एका बाजूने खोदून ठेवलेलं, दुसऱ्या बाजूने मुरूम पसरलेला, आणि मध्ये ट्रकांची रांग. गाडी दहा पावलं सरकायची आणि उभी राहायची. एसी घरघरत होता. प्रभाकररावांनी एक गोष्ट आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. गाडी उभी होती आणि आकडा उतरत होता. चोवीस. एकोणीस. एसी बंद करावा म्हणून त्यांनी बटणाकडे हात नेला, आरशात शोभाबाईंचा पांढरा पडलेला चेहरा पाहिला आणि हात मागे घेतला. "पोचते," ते म्हणाले. "दहादा पाह्यलं मी, शून्यावरही चालते थोडी." हे ते कोणाला सांगत होते कोण जाणे.

रांग सुटली, रस्ता मोकळा झाला, आणि आकडा गेला. त्याच्या जागी नुसत्या तीन आडव्या रेघा आल्या. वर्धा अजून सात-आठ किलोमीटर असेल, तेव्हा गाडीने दोन आचके दिले आणि ती बाभळीजवळ जाऊन थांबली. एसीचा आवाज बंद झाल्यावर शोभाबाईंचा श्वास ऐकू यायला लागला. प्रभाकररावांनी किल्ली फिरवली, पुन्हा फिरवली, स्टिअरिंगवर मूठ आपटली. खाली उतरून हात केले. दोन ट्रक धुरळा उडवत निघून गेले. मागून कोणी येईना. डांबर चपलेला चिकटत होतं.

ते धावत परत आले. "शोभा, रूपरावचा नंबर पाठ आहे का तुले?"

शोभाबाईंनी डोळे न उघडता एकेक आकडा सांगितला. शेवटच्या दोन आकड्यांना फार वेळ लागला. चार महिने बोलणं बंद होतं, तरी त्यांना तो नंबर पाठ होता. प्रभाकररावांना त्या क्षणी स्वतःची एवढी शरम वाटली की फोन लागल्यावर त्यांच्या तोंडून मेव्हण्याचं नावही निघेना. ते एवढंच म्हणाले, "शोभाले वर्ध्याच्या दवाखान्यात घेऊन चाललो होतो. रस्त्याच्या कामापुढं पेट्रोल संपलं."

रूपराव मोटरसायकलवर पुढे कॅन ठेवून आला. भर उन्हात, डोक्याला रुमालही न बांधता. त्याआधी एक ट्रॅक्टरवाला थांबला होता, त्याने आपल्या कळशीतलं पाणी दिलं होतं. ते शोभाबाईंच्या ओठांवरून गळून गेलं होतं. रूपरावने बहिणीकडे पाहिलं आणि तो पेट्रोल ओतायला लागला. घाईत निम्मं खाली सांडलं. मग तो मागे बसला आणि त्याने ताईचं डोकं मांडीवर घेतलं. दोघांनाही कळलं होतं. तरी गाडी वर्ध्यापर्यंत सुसाट गेली, कारण थांबवायचं धाडस कोणाला झालं नाही.

डॉक्टर म्हणाले, "वाटेतच गेल्या."

कागद होईपर्यंत दोघं दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसले. प्रभाकररावांना सगळं ओकून टाकायचं होतं. "तिनं म्हटलं होतं मले, थांबा म्हणून," ते म्हणाले. "तुह्या पंपापाशी. मी नाई थांबलो. मीच मारलं तिले, रूपराव."

रूपरावने पेट्रोलचे हात पँटला पुसले.

"मी पाह्यली तुमची गाडी, भाऊजी," तो म्हणाला. "ताईनं काचेतून हात केलता मले."

प्रभाकरराव गाडी चालवत होते, मागे काय झालं ते त्यांना माहीतच नव्हतं. ते त्याच्याकडे वळले. आता जगात मोजण्यासारखी एकच गोष्ट उरली होती.

"कसा केला?" त्यांनी विचारलं. "नुसता हलवला, का बोलावलं तुले?"

रूपरावच्या तोंडून हुंदका फुटला. "तेच तं नाई पाह्यलं जी," तो म्हणाला. "तुमची गाडी दिसली, ताईचा हात वर होताना दिसला, अन् मी तोंड फिरवलं."