बंबासुराची कंबर

कवळ्या बनवणाऱ्या माणसाला एक खोड लागते. कुठलीही वस्तू त्याला नुसती बघता येत नाही. ती कुठे घासते आणि कुठे हलते हे तपासल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. आमच्या कवळीवाल्याच्या तर ही खोड हाडीमाशी खिळली होती. पहिल्या भेटीत यांनी माझ्या डोळ्यांआधी दात बघितले, असं त्याची बायको आजही सांगते.

गेली सहा वर्षं ही खोड बंबासुराच्या मागे लागली होती. बंबासुर हे घरातलं नाव. खोक्यावर काहीतरी लांबलचक आणि भयंकर छापलेलं असायचं. वीतभर उंचीचा लाल रोबो. हात दुमडले, पाय मागे घेतले आणि कंबर अर्धी फिरवली की त्याचा शिडीसकट आगीचा बंब व्हायचा. चाळीस वर्षांत या खेळण्याच्या चार आवृत्त्या निघाल्या होत्या, आणि चारही कवळीवाल्याच्या जेवणाच्या टेबलावर उभ्या होत्या. पहिल्या आवृत्तीचे तर तीन नग होते. नवरा-बायको ओट्याशी उभं राहून जेवायची.

हा सगळा खटाटोप ताईसाठी चालला होता. लहानपणी बंबासुर ताईचा होता. खोडरबरही उसना न देणाऱ्या ताईने एक दिवस कधी नव्हे तो आपणहून या धाकट्या भावाच्या हातात ठेवला आणि म्हणाली, "कंबर जरा घट्ट आहे. जोर लावून फिरव." सात वर्षांच्या धाकट्याने जीव खाऊन जोर लावला. कट्! वरचा बंबासुर एका हातात, खालचा दुसऱ्या. ताईने असा टाहो फोडला की शेजारचे धावत आले. बाबांची चापट बसली, ती गालावरून दोन दिवसांत उतरली, पण मनातून उतरली नाही. तेव्हापासून ताईपुढे त्याची मान खाली. खिडकीची जागा तिची, नवी सायकल तिची, केकचा मोठा तुकडा तिचा. मोठा झाल्यावरही ताईने फोन करायचा आणि याने हातातली कवळी टाकून पळायचं.

आता ताईला पन्नास पूर्ण होणार होती. वाढदिवसाला तिला तिचा बंबासुर परत द्यायचा, अगदी तस्साच, असं त्याने ठरवलं होतं. त्यासाठी दोनशे पानी वही घातली होती. चावा बरोबर बसतो का हे बघायला दवाखान्यात जो निळा कागद वापरतात, तो सांध्यांत घालून कुठे डाग पडतो ते तो भिंगातून बघे आणि लिहून काढे. दुसरी आवृत्ती: खांदे उत्तम, गुडघे पोचट, उभा केला की हळूहळू खाली बसतो. तिसरी: पायात धातू असल्यामुळे वजनदार, पण रंग नखाने निघतो, आणि शिडी तिसऱ्यांदा उघडली की हातात येते. चौथी: देखणी, पण शिंक आली तर बाहेर जाऊन शिंकावं. आणि प्रत्येक पानाच्या शेवटी तांबड्या शाईत एकच ओळ: कंबर नापास. सहज फिरते.

पहिल्या आवृत्तीच्या तिन्ही नगांचीही कंबर सहज फिरली, तेव्हा ते तिन्ही नकली असल्याचा निकाल त्याने देऊन टाकला. त्यातला शेवटचा ज्या म्हाताऱ्या घड्याळजीकडून घेतला होता, त्याला त्याने चार पानी खरमरीत पत्र धाडलं. घड्याळजीचं दोन ओळींचं उत्तर आलं: "महाशय, कंबर फिरण्यासाठीच केलेली आहे. नाही फिरली तर बंब कसा होणार?" कवळीवाल्याने उलट टपाली कळवलं की आपण खरा बंबासुर कधी हातात घेतलेला दिसत नाही.

वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, रविवारी सकाळी, ताई न सांगता दारात उभी राहिली. लपवायला वेळच मिळाला नाही. सहा बंबासुर टेबलावर ओळीने उभे, आणि कवळीवाल्याच्या डोळ्याला भिंग लावलेलं.

"हे काय रे?"

आता काय, बिंग फुटलंच होतं. त्याने सगळं सांगितलं. वही दाखवली. शेवटी तांबड्या ओळीवर बोट ठेवलं.

"सगळं जमलं ताई, कंबर तेवढी जमत नाही. तुझ्या बंबासुराची कंबर म्हणजे पहाड होता पहाड. तशी बनावट आता होत नाही. मी गाढव, मी ती मोडली."

ताईने वही उघडली. तांबड्या शाईची एक ओळ वाचली, मग दुसऱ्या पानावरची, मग तिसऱ्या. मग तिने वही मिटली.

"गोंद होता रे तो."

"कसला गोंद?"

"बाबांचा. बुटाचे तळ चिकटवायचा. तुला दिला त्याच्या आदल्या दिवशी बंबासुर माझ्याच हातून कपाटावरून पडून मोडला होता. हा मोडलास तर पुन्हा काही मिळणार नाही, असं बाबांनी बजावलं होतं. मी घाबरले. चिकटवला, आणि..."

"आणि मला दिलास."

"हो."

चोर सोडून संन्याशाला सुळी, ती चाळीस वर्षं! कोणीही आधी चापटीचा हिशेब मागितला असता. पण हा पडला कारागीर. तो ओरडला, "म्हणजे मी सहा वर्षं गोंदाशी तुलना करतोय? बुटाच्या गोंदाशी? त्या घड्याळजीला मी काय काय लिहिलंय, माहीत आहे? लबाड म्हटलंय मी त्याला!"

स्वयंपाकघरात त्याच्या बायकोने तोंडात पदर कोंबला, पण हसू ऐकू आलंच.

मग हळूहळू बाकीचं त्याच्या डोक्यात उतरलं. सायकल उतरली. खिडकी उतरली. केकचे चाळीस वर्षांचे तुकडे एकामागून एक उतरले. त्याचे कान लाल झाले.

"आणि तू सांगितलं नाहीस? एवढ्या वर्षांत?"

"आधी भीती वाटली, मग लाज," ताई म्हणाली. "आणि तू इतका चांगला वागायला लागलास रे. आई गेली तेव्हा, माझं ऑपरेशन झालं तेव्हा, तूच होतास. मला वाटायचं, हा सगळं त्या खेळण्यापायी करतोय. सांगितलं की थांबेल. मग माझं कोण आहे?"

कवळीवाल्याला हे ऐकून वाईट वाटलं, पण राग त्याहून मोठा होता. आणि ताईवर रागावायची ही त्याची आयुष्यातली पहिलीच वेळ. ती तो सुखासुखी सोडणार नव्हता.

"उद्या काही मिळणार नाही," तो म्हणाला. "बंबासुर नाही, केक नाही, काही नाही. आणि मी येणारही नाही."

"बरोबर आहे तुझं," ताई म्हणाली. तिने पर्स उचलली, चपला घातल्या आणि दार हळूच ओढून घेतलं. जिन्यात एकेका पायरीवर थांबणारी तिची पावलं ऐकू येत होती.

कवळीवाला बंबासुरांकडे बघत बसला. त्याने एकाची कंबर फिरवली. सहज फिरली, झकास फिरली. पायरी. थांबा. पायरी. तो उठला आणि स्कूटरची किल्ली शोधायला लागला.

"कुठे निघालात?" बायकोने विचारलं.

"तिला सोडून येतो. गुडघा धरतो तिचा."

"अहो, पण आता तुम्ही कुठे काय मोडलंय तिचं?"

"मोडायला कशाला पाहिजे?" तो खेकसला. "बहीण आहे ती माझी!"

हे वाक्य आपणच बोललो यावर त्याचा क्षणभर विश्वास बसेना. मग तो दार उघडून जिन्यात वाकला आणि सगळ्या इमारतीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला, "थांब गं, चोरटे!"

खाली ताई थांबली. कठडा धरून तिने वर बघितलं तेव्हा तिचे डोळे भरून आले होते. पण ताई ती ताईच.

"हळू ओरड," ती म्हणाली. "आणि हेल्मेट दोन आण."