आजी शी

अण्णा रविवारी येणार हे बुधवारी कळलं, आणि तेव्हापासून मी माझ्या सव्वादोन वर्षांच्या मुलीला एक वाक्य विसरायला लावण्याच्या मागे लागले. वाक्य दोनच शब्दांचं होतं. मागच्या खोलीच्या दाराशी उभी राहून, रिकाम्या खाटेकडे बघत ती म्हणायची, "आजी शी."

खाट माझ्या आईची. तिला जाऊन तीन महिने झाले. शेवटचे सात आठवडे ती त्या खाटेवर होती. उजवं अंग लुळं पडलेलं, वाचा गेलेली, समज मात्र शाबूत. अण्णा, म्हणजे माझे वडील, ती गेल्यानंतर या घरात फिरकले नव्हते. त्यांचं शिंपीकामाचं दुकान दुसऱ्या गावी, बसनं तीन तास. फोनवर म्हणाले, "येतो. चार दिवस राहून बघतो. जमलं तर पुढच्या खेपेला मशीनच घेऊन येईन." दुकानाशेजारच्या न्हाव्यानं मला आधीच कळवलं होतं की ते दुपारी बिस्किटं खातात आणि रात्री काय खातात ते कुणाला माहीत नाही. मला ते इथं यायला हवे होते. आणि त्यांना द्यायला माझ्याकडे तेवढी एकच खोली होती.

घराबद्दल सांगायचं तर त्याला वास येतो. पाहुण्यांना लगेच येतो, मला बाहेरून आल्यावर पहिली दोन मिनिटं. साडेपाच महिन्यांचं बाळ दूध पितं आणि त्यातलं निम्मं माझ्या खांद्यावर परत करतं. ते दही झालेलं असतं, कोमट, आणि मानेवरून ब्लाउजच्या आत उतरतं. अण्णांनी फोटो पाहून त्याचं नाव टकलू ठेवलं. टकलूच्या हनुवटीखाली तीन वळ्या आहेत. त्या उघडून पुसल्या नाहीत तर आत पांढरा मळ साठतो आणि त्याला चीजसारखा वास येतो. सोफ्याच्या फटीत मोठीनं केळं कोंबलेलं असतं, ते मुंग्या दाखवून देतात. परवा मी प्रुफं तपासायला बसले, मी शाळेची पुस्तकं छापणाऱ्यांसाठी घरून मुद्रितशोधन करते, तर सहावीच्या भूगोलावर शेंबडाचा एक सुकलेला, चमकणारा पट्टा होता. खरवडून काढताना त्याखालचा वेलांटीचा दोष सापडला, हे खरं.

आणि मोठी. अण्णांनी तिचं नाव गुंडी ठेवलं आहे, कारण ती शर्टाच्या गुंडीसारखी सारखी निसटते. माझं दुसरं बाळंतपण अवघड होतं, डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलं, तेव्हा दोन महिने गुंडी आजीआजोबांकडे होती. आली ती चड्डी कोरडी ठेवायला शिकूनच. मग आई पडली, तिला आमच्याकडे आणलं, आणि गुंडी सगळं विसरली. आता ती मागच्या खोलीच्या दाराआड जाते, गुडघे वाकवते, "आजी शी" म्हणते आणि चड्डीत करते. रोज. मी ती चड्डी दोन बोटांत धरून न्हाणीघरात नेते, तोंडानं श्वास घेत.

आईला आपल्या मुलांची किळस येत नाही, असं मी बऱ्याच पुस्तकांत वाचलं आहे. ज्यांनी लिहिलं त्यांच्याकडे कामाला माणसं असावीत. माझी किळस ही जुनी खोड. लहानपणी दुधावर साय दिसली तरी मला ओकारी यायची. आई म्हणायची, "पोरं झाली की जाईल." गेली नाही. दिवसातून चाळीस वेळा मी "शी" म्हणते: शी, टाक ते, शी, तोंडात नाही घालायचं, शी, काय केलंस हे. तेव्हा गुंडी हा शब्द कुठून शिकली असं विचारण्यात अर्थ नव्हता. आजीला तो कुठून लावायला शिकली, तेही मला माहीत होतं. ते मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

सकाळी दोन तास एक बाई येऊन आईचं सगळं करून जायची, रविवारी तेवढी संध्याकाळपर्यंत थांबायची. नवरा संध्याकाळी यायचा. मधल्या दुपारी माझ्या एकटीच्या. एका दुपारी तीनच्या सुमाराला बाळ रडून जांभळं झालेलं, गुंडीनं माझा पाय मिठीत धरलेला, आणि खोलीतून वास आला. मी आईच्या अंगावरची चादर बाजूला केली. कमरेपासून पाठीपर्यंत गेलं होतं, मेणकापडावरून ओघळून खाटेच्या पट्टीला लागलं होतं. आणि मी म्हणाले, "शी." मनातल्या मनात नाही. मुलांना म्हणते त्याच आवाजात.

आईनं चांगल्या हातानं चादर चाचपडत शोधली आणि स्वतःवर ओढून घ्यायला लागली. मला ती तिच्या मुठीतून सोडवून घ्यावी लागली. त्यानंतर मी तिला स्वच्छ केलं, नीट केलं, पावडर लावली. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. गुंडी दारात उभी होती. दुसऱ्या दिवशी तिनं पहिल्यांदा ते वाक्य म्हटलं, आई ऐकत असताना. बारा दिवसांनी आई गेली.

भेटायला येणारी माणसं म्हणायची, "सुटल्या बिचाऱ्या." या शब्दाचीही मला किळस आली. गाठ सुटते, शाळा सुटते.

बुधवारी दुपारी मी शिकवणीला सुरुवात केली. आईचा फोटो समोर धरला.

"ही कोण?"

"आजी."

"आजी कशी आहे? आजी छान. म्हण, आजी छान."

गुंडीनं फोटोकडे बघितलं, मग मागच्या खोलीकडे. "आजी शी."

"शी नाही. छान."

"शी," ती म्हणाली, आणि तिच्या कपाळावर आठी पडली, समोरचा मठ्ठ असल्यासारखी. दोन मिनिटांनी चड्डी भरली.

गुरुवारी बिस्कीट दाखवलं. तिनं बिस्कीट खाल्लं, चघळून झालेला लगदा माझ्या तळहातावर काढून ठेवला, आणि वाक्य कायम ठेवलं. शुक्रवारी मी मागच्या खोलीचं दार लावून घेतलं. ती बंद दारावर थापा मारत तेच म्हणत राहिली, आधी साधं, मग रडत, मग बसकण मारून. थांबली तेव्हा कारण तिच्याखाली पसरलं होतं.

संध्याकाळी नवऱ्यानं बघितलं. "पोपट पढवतेस का?"

"अण्णांसमोर म्हणाली तर?"

"दोन वर्षांची आहे गं ती. तिला सगळंच शी. काल मला म्हणाली, बाबा शी."

"बरोबर म्हणाली. बेसिनमध्ये नाक शिंकरतोस आणि पाणी सोडत नाहीस."

"सोडतो."

"सोडत नाहीस. मी काढते ते."

तो म्हणाला, "रविवारी तोंडात बिस्कीट कोंबून ठेवू. दोन्हीकडे एकेक. बोलताच येणार नाही."

मला हसू आलं आणि लगेच त्याचा राग आला. त्याला वाटत होतं मी म्हाताऱ्या माणसाचं मन जपते आहे. मी स्वतःला जपत होते. अण्णा विचारतील, ही हे कुणाकडून शिकली?

शनिवारी मी खोली फिनेलनं दोनदा पुसली. खाटेच्या पट्टीच्या खाचेत एक तपकिरी रेघ राहिली होती. ती टाचणीनं काढली आणि टाचणी फेकून दिली.

अण्णा रविवारी अकराला आले. शर्टाची कॉलर उलटवून शिवलेली, हातात एक पिशवी. आल्या आल्या त्यांनी टकलूला मांडीवर घेतलं आणि त्यानं तत्परतेनं त्यांच्या बाहीवर दूध काढलं.

"पावती दिली," अण्णा म्हणाले आणि रुमालानं पुसलं. पुसून झाल्यावर रुमालाची ती बाजू आत गेली पाहिजे अशी घडी घातली. माझ्यासारखीच.

गुंडी आधी त्यांना ओळखेना. मग त्यांच्या खिशातली मोजपट्टी तिनं ओढून काढली आणि जमलं. जेवणं झाली. नवरा भांडी घासायला लागला. अण्णा म्हणाले, "जरा पडतो," आणि पिशवी घेऊन मागच्या खोलीकडे निघाले. मी त्यांच्या मागे गेले, माझ्या मागे गुंडी. अण्णा उंबऱ्यात थांबले. खाट बघत राहिले.

गुंडी त्यांच्या पायांमधून पुढे गेली, दाराच्या चौकटीला हात टेकला, गुडघे वाकवले.

"आजी शी."

"गुंडे, बिस्कीट हवं? चल, चल, बिस्कीट," मी म्हणाले.

"आजी शी!"

अण्णांनी पिशवी खाली टाकली. "अगं, भांडं कुठाय?"

"कसलं भांडं?"

"तिचं. ती बोलावतेय ना! थांब थांब गुंडे, आलो. आजी नाही, आजोबा आले." त्यांनी तिला काखेत धरून उचललं, हात लांब ताठ करून, जसं कुणी गळका डबा उचलतो. न्हाणीघरापर्यंत पोचायच्या आत चड्डीतून त्यांच्या पँटवर आलं. "अरारारा. शी शी शी. काय खातेस गं? एवढंसं माणूस तू."

गुंडी खदखदून हसत होती. तीन महिन्यांत ती तशी हसली नव्हती.

मी न्हाणीघराच्या दारात उभी राहिले. अण्णांनी नळ सोडला आणि तिला धुता धुता, माझ्याकडे पाठ करून सांगितलं. तिकडे संडास अंगणात. आई ओट्याशी असायची, ही स्वयंपाकघराच्या दारात येऊन चौकटीला धरायची आणि हाक मारायची: आजी, शी! की आई हातातलं टाकून पळायची. "हात पिठाचे असले तरी तसेच. गुंडीच्या पाठीवर पिठाचे पंजे. दुकानातली गिऱ्हाइकं हसायची. पंधरा दिवसांत शिकली पोरगी." मग त्यांनी नळ बंद केला. "इथं नाही का बोलावत?"

"बोलावते," मी म्हणाले. "तीन महिने बोलावते आहे."

स्वल्पविराम बघणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे. मुलगी रोज दाराशी उभी राहून खाटेवरच्या आजीला, मग रिकाम्या खाटेला हाक मारत होती, आणि मी तिला बिस्कीट दाखवून ती हाक सोडायला लावत होते. बंद दारावर थापा मारायला लावत होते. तिच्या तोंडी मी जे घातलं होतं ते तिचं नव्हतंच. ते माझं एकटीचं होतं.

इथं मी गप्प बसू शकले असते. अण्णांनी काहीच विचारलं नव्हतं.

"मला वाटलं ती माझं ऐकून म्हणते," मी म्हणाले. "मी म्हणाले होते. आईला. तिचं काढताना. शी म्हणाले."

अण्णांनी गुंडीला टॉवेलात गुंडाळलं. तिची बोटं एकेक करून पुसली.

"तिनं ऐकलं?"

"हो."

"मग काय केलं?"

"चादर ओढून घेतली अंगावर."

त्यांनी मान हलवली. गुंडीला खाली सोडलं, तशी ती नागडी बाहेर पळाली आणि नवऱ्याचा "अगं पुसलंय का नीट" असा आवाज आला. अण्णा न्हाणीघरातल्या उलट्या बादलीवर बसले. पँटला लागलेलं त्यांनी अजून पुसलं नव्हतं.

"तिच्या आजारात मी रविवारीच का यायचो, माहितीये?"

"दुकान बंद असायचं."

"दुकान सोमवारी बंद असतं. तू विसरलीस." ते पँटवरच्या डागाकडे बघत होते. "रविवारी ती बाई संध्याकाळपर्यंत थांबायची. मी तिला आधीच विचारून ठेवलं होतं. एकदा ती बाजारात गेली आणि तुझ्या आईनं खूण केली. मी म्हणालो, बाई येऊ दे. पाऊण तास लागला तिला यायला. मी बाहेर जाऊन पेपर वाचला."

ते वाचतानाचे अण्णा मला आठवले. व्हरांड्यातल्या खुर्चीत, पाय हलवत. मी त्यांना चहा नेऊन दिला होता. लहानपणी साय बघून यायची तीच किळस मला आली. मी त्यांचा मुलींसारखा नाजूक, सुई धरणारा हात बघितला, आणि मला तो धरावासा वाटला नाही. त्यांनाही मी तो धरावा असं वाटत नसावं. आम्ही दोघं तिथं उभे-बसलेले होतो आणि वास तसाच होता.

"आता सांग," अण्णा म्हणाले. "मशीन आणू, की जाऊ परत?"

मी खाली पडलेली चड्डी उचलली, दोन बोटांत.

"दुपारी दोन ते पाच माझी प्रुफं असतात," मी म्हणाले. "तेव्हा गुंडीनं हाक मारली की तुम्ही जायचं. बाई नाही आता."

"टकलूचंही?"

"त्याचंही. त्याचं पातळ असतं. मानेपर्यंत जातं."

अण्णांनी तोंड वेडंवाकडं केलं. मग उठून नळाखाली हात धरले, साबण लावला, धुतले, नाकाशी नेले.

"साबण बदलायला हवा तुमचा. वास जात नाही."

"दोनदा लावावा लागतो," मी म्हणाले. "नखांच्या आतूनही."