बिनमांसाचं अळू

प्रार्थनेहून आल्यावर पेलेनाइसेने भुईतली चूल उकरली आणि अळूच्या पुड्या बाहेर काढल्या. आत फक्त कांदा आणि नारळाचं दूध. आमच्या तोंगा बेटांवर रविवारी अशी पुडी कुणी पानात वाढत नाही. आत सिपी हवीच. सिपी म्हणजे परदेशातून बर्फात येणारं मेंढीच्या पोटाकडचं चरबट मांस. तिकडचे लोक स्वतः ते खात नाहीत म्हणे. आमचे चांगले कंद जहाजाने ऑकलंडला जातात आणि सिपी इकडे येते. कोबीच्या गड्ड्यापेक्षा स्वस्त पडते, आणि मान मात्र तिलाच.

पेलेनाइसेचा नवरा सातेकी आत चटईवर पडला होता. मधुमेहाने डावा पाय गुडघ्यापासून गेला होता. आता उजव्याच्या करंगळीला जखम होती. "सिपी बंद, पालेभाजी सुरू. नाहीतर हाही पाय जाईल," नर्सने बजावलं होतं.

एवढ्यात लोसालिने नावाची सातेकीची थोरली बहीण पातेलं घेऊन आली आणि पायरीवरच बसली. वयात आलेले बहीणभाऊ आमच्यात एका खोलीत बसत नाहीत. बहिणीचा मान मोठा. तिने दिलेलं भावाने नाकारायचं नाही. दोघांमधले निरोप बायकोने पोचवायचे.

"हे काय गं पेले? डुकरांसाठी उकडलंस?"

"वन्सं, ह्यांच्यासाठी आहे. नर्सनं..."

"नर्सला काय जातंय सांगायला! आज चर्चमध्ये बायकांनी मला विचारलं, भावाकडे सिपी शिजत नाही, माहेरी दुष्काळ पडलाय का म्हणून. जा, ही सिपी वाढ त्याला. चरबीचे तुकडे वर ठेव."

"एकदा आत येऊन पाय तरी बघा."

"भावाच्या खोलीत? लाज सोडलीस का?"

पेलेनाइसे ताट घेऊन आत गेली. "नको म्हणा ना," ती कुजबुजली. "झोपलात म्हणून सांगते."

"तिला कसं नाही म्हणू? तिनंच मला भरवून मोठं केलंय."

सातेकी खात राहिला. खाताना तो रडत होता, आणि ते मांस त्याला आवडतही होतं. तेच तिला बघवेना.

"सांग तिला, फार छान झालंय."

ती बाहेर आली. लग्न झाल्यापासून या पायरीवर तिने फक्त दुसऱ्यांचंच बोलणं पोचवलं होतं.

"ते म्हणतात, फार छान झालंय."

"बघ!"

"आणि वन्सं, पुढच्या रविवारी हे पातेलं आणू नका. आणलंत तर खरंच डुकरांना घालीन."

"हा त्याचा निरोप?"

"नाही. माझा."

नणंद पातेलं उचलून निघून गेली, झाकणसुद्धा न घेता. शेजारच्या अंगणात सगळं ऐकू गेलं होतं. दर रविवारी तिकडून येणारी वाटी त्या दुपारी आली नाही.

आत सातेकीने भिंतीकडे तोंड फिरवलं होतं. "गेली?"

"गेली."

"काय केलंस हे? उद्या पोरीच्या लग्नात आत्याच्या मानाच्या जागी कोण बसेल?"

"आधी बाप उभा राहू दे," ती म्हणाली आणि पायाची पट्टी सोडायला बसली.

करंगळी काळी पडली होती. शेजारच्या बोटालाही आता काळपट झाक येऊ लागली होती.