दोन ईस्टर आणि इग्लिकाचा नामदिन

शनिवारी दुपारी डीन ह्रिस्तोझोव्ह सरांचा फोन आला आणि इग्लिकाच्या तोंडचं पाणी पळालं.

"अगं, गुड फ्रायडेला लेखी परीक्षा! ईस्टरच्या सोमवारी तोंडी! पोरं माझ्या दारात येऊन शंख करतायत. हेच का तुझं ते सगळ्यांनी मिळून बांधलेलं सॉफ्टवेअर? ना मालक, ना धनी. बिघडलं की मी मानगूट कुणाची धरायची?"

"माझी धरा, सर."

"तुझी धरून काय करू? सोमवारी सकाळपर्यंत वेळापत्रक सुधारलं तर ठीक, नाहीतर विकतच्या प्रोग्रामवर सही करतो. विषय संपला."

विषय संपला म्हणे! दानूबकाठच्या त्या गावातल्या विद्यापीठात इग्लिका शिकवायला लागली तेव्हापासून तिचा जीव या सॉफ्टवेअरमध्ये होता. देशोदेशीच्या विद्यापीठांतली मास्तर मंडळी आपापली कामं सांभाळून ते लिहीत. सगळं उघड्यावर; कुणीही वाचावं, कुणीही बदल सुचवावा. नियम एकच, आणि तो कडक: दुसऱ्या कुणीतरी वाचून 'चालेल' म्हटल्याशिवाय कुणाचीही ओळ आत जात नाही. तू कुठल्या आडगावची, असं तिला तिथे कधी कुणी विचारलं नव्हतं. सरांनी सही केली तर तिला तिथून उठावंच लागणार होतं.

आणि खरी बोच वेगळीच होती. सुट्ट्यांचा भाग लिहिला होता पोर्तुगालच्या दुआर्तने, पण वाचून 'चालेल' म्हणणारी इग्लिकाच होती. गेल्या वर्षी त्यांचा कॅथलिक ईस्टर आणि आपला ऑर्थोडॉक्स ईस्टर नेमके एकाच दिवशी आले होते. तपासणीत सगळ्या तारखा बरोबर निघाल्या. जगात ईस्टर दोन असतात हे पोर्तुगालच्या माणसाला सुचलं नाही, ठीक आहे. पण बल्गेरियात जन्मलेल्या बाईला सुचू नये? यंदा दुआर्तचा ईस्टर एक आठवडा आधी आला आणि आपली सुट्टी सॉफ्टवेअरने गिळून टाकली.

तिने मंडळींच्या सामायिक ऑनलाइन फळ्यावर सरळ लिहून टाकलं: 'चूक मी पास केली. सोमवार सकाळच्या आत सुधारायला हवी, नाहीतर आमचं विद्यापीठ बाहेर पडतंय. उद्या तुमच्यातल्या निम्म्यांचा ईस्टर आहे, तेव्हा कुणावर जबरदस्ती नाही.'

रविवारी त्स्वेतनित्सा, म्हणजे आपल्या ईस्टरआधीच्या रविवारचा सण आणि फुलांची नावं असलेल्या सगळ्यांचा नामदिन. इग्लिका हेही वसंतातल्या एका पिवळ्या फुलाचं नाव. नामदिनाला आमंत्रण देत नाहीत. ज्याला आठवण होईल तो येतो आणि आलेल्याला जेवू घालतात. त्यामुळे डोक्याला कितीही ताप असला तरी ती सकाळपासून मासे तळत होती. टेबलावर सॅलडच्या वाडग्याशेजारी लॅपटॉप उघडा होता. एका हाताला पीठ, दुसऱ्या हाताने टंकन!

पडद्यावर पहिला उगवला दुआर्त. सुटाबुटात, मागे घरभर पाहुणे.

"अगं, आज आमच्याकडे क्रूस घरोघरी फिरतो. दार उघडं टाकून बसलोय, पण हात मोकळे आहेत. लाज वाटते गं मला. ईस्टर दोन असतात हे कुणी सांगितलंच नाही!"

"मी सांगायला हवं होतं ना!"

तेवढ्यात ग्रीसमधून पर्सेफोनीबाई आल्या. साठी उलटलेली, जीभ धारदार. "बाळा दुआर्त, तुमच्याकडे येशू आज उठला असेल. आमच्याकडे अजून त्याला पकडलेलंसुद्धा नाही! आमच्याही परीक्षा गुड फ्रायडेलाच टाकल्यायस तू. चल, सरक, तुझा तो हिशेब दाखव."

हसून हसून इग्लिकाच्या डोळ्यांत पाणी आलं. नुसतं हसूनच नव्हे. सणाच्या दिवशी ताट बाजूला सारून ही माणसं तिच्यासाठी बसली होती, आणि यातल्या कुणालाही ती आजवर समोरासमोर भेटलेली नव्हती.

दारावर थाप पडली. पिठाच्या हातांनी दार उघडते तो काय, ह्रिस्तोझोव्ह सर! हातात ट्यूलिप, चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा.

"भांडण भांडणाच्या जागी. नामदिन तो नामदिन. ये म्हण."

सर बसले, मासा वाढून घेतला आणि पडद्यावरच्या माणसांकडे संशयाने बघू लागले. सर मूळचे गणिताचे. थोड्या वेळाने काटा खाली ठेवून ते पुढे वाकले.

"हे तेरा दिवस मिळवताय ते कायमचे का?"

"हो सर, तुमचा ईस्टर जुन्या पंचांगाने निघतो ना, त्याचा नव्याशी असलेला फरक," दुआर्त म्हणाला.

"कायमचे कसे? २१०० साली फरक चौदा दिवसांचा होतो. तेव्हा पुन्हा गुड फ्रायडेला परीक्षा घेणार का?"

दुआर्तने कपाळावर हात मारला. मग पर्सेफोनीबाई म्हणाल्या, "मग बघताय काय? लिहा!"

"मी?"

"मग काय मी? सुचलं कुणाला?"

सरांनी चष्मा पुसला आणि एका बोटाने ओळ टंकली. दुआर्तने ती नीट बसवून दिली, बाईंनी दोनदा वाचून 'चालेल' म्हटलं. सगळ्या परीक्षा गुड फ्रायडे आणि ईस्टरच्या सोमवारावरून निमूट सुट्टीनंतर सरकल्या. इग्लिकाने पिठाचे हात जोडले. "तुमचे उपकार कसे फेडू रे?" दुआर्त म्हणाला, "मासा एकटीने खाऊ नकोस, दाखव तरी!"

निघताना सर दारात घुटमळले.

"या पडद्यावरच्या मंडळींना बोलावलं कुणी होतं?"

"कुणीच नाही. तुम्हाला तरी कुठे बोलावलं होतं, सर?"

सर हसले. "ती सही राहू दे उद्याची." मग टोपी हातात फिरवत हळूच म्हणाले, "माझी ती ओळ... ती चालायला लागेल तेव्हा मी नसेन गं. तूही नसशील. तेव्हा काही अडलं तर बघणार कोण?"

"ज्याला आठवण होईल तो येईल, सर."

सरांनी टोपी खुंटीला अडकवली आणि आत येऊन आणखी एक मासा मागितला.