अमावस्येचा स्लॅब

खोटं पहिल्यांदा मी बोलले. ते आधी सांगते, म्हणजे पुढं कुणाला बोट दाखवायला जागा नको.

माझा नवरा शरणबसव सेंट्रिंगचा मिस्त्री, म्हणजे स्लॅबखालचा साचा उभा करणारा. नवऱ्याला मालक म्हणायची पद्धत आहे, पण मालक म्हटलं की मला तो बिल्डर अनिलकुमारच आठवतो, म्हणून मी नावच घेते. आम्ही दुधनीचे. सोलापुरात येऊन बारा वर्षं झाली. मिस्त्री ते, घमेली उचलणारी मी, आणि आम्हाला कामावर लावणारा मुकादम माझा सख्खा थोरला भाऊ शिवप्पा.

आमच्यात अमावस्येला काम नसतं. गवंडी असो, सेंट्रिंगवाला असो, त्या दिवशी थापी-ओळंबा धुऊन देवापुढं ठेवायचा आणि घरी बसायचं. होटगी रोडच्या साइटवर तिसरा स्लॅब त्याच दिवशी टाकायचा हट्ट अनिलकुमारचा. काँक्रीटच्या गाड्या बुक झाल्या म्हणे. शिवप्पा आदल्या दिवशी खोलीवर आला.

"दाजी, एक दिवस. डबल हाजरी देतो म्हणालाय शेठ."

"अण्णा, उद्या अमावस्या हाय की," मी म्हणाले.

"देवाला मी सांगतो. शेठला कोण सांगणार?"

गेलो. साइटवर सहा हेल्मेटं होती, ऑफिसात खुंटीला टांगलेली. फोटो काढायचा असला की खाली यायची. कमरेचे पट्टे मी कधी बघितलेच नाहीत. तिसरी गाडी रिकामी झाली, चौथी वळत होती, तेवढ्यात कडेची टेकूची बल्ली सटकली. प्लेट गेली, प्लेटवर उभा माझा माणूस खाली गेला.

रिक्षात घालताना शिवप्पानं माझं मनगट धरलं. "चंद्री, डॉक्टरला सांग घरी पडला. पत्रा बसवताना. साइटचं नाव घेतलंस तर पोलीस पयलं मला उचलतील. माझी पोरं रस्त्यावर येतील." एवढं बोलून तो परत वर गेला. काँक्रीट आलेलं होतं, ते कुणासाठी थांबत नाही.

दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, कसं पडले? मी म्हणाले, घरी, पत्र्यावरून. त्यांनी तसंच लिहिलं. जन्मभर माहेरची अब्रू झाकायला शिकवलेलं असतं बाईला, ते असं कामाला येतं.

ऑपरेशन करून मांडीत सळई बसवली. खुबा जायबंदी झाला. उकिडवं बसता येत नाही, शिडी चढता येत नाही. सेंट्रिंगचा मिस्त्री शिडी चढत नसेल तर तो कशाचा मिस्त्री? तिसऱ्या आठवड्यात अनिलकुमारचा माणूस स्टॅम्पपेपर आणि एक पाकीट घेऊन आला. "माणुसकी म्हणून मदत मिळाली, आता काही मागणं नाही," असं लिहिलेलं. शरणबसवनी सही केली. शाळा दुधनीत कानडी, सहीही कानडीत. कागद मराठीत. काय लिहिलंय ते त्या माणसानं वाचून दाखवलं, म्हणजे त्याला पाहिजे तेवढं.

पाकीट औषधातच संपलं. मग मी नाक्यावरच्या एका बाईच्या सांगण्यावरून वकील अपेक्षाताईंकडे गेले. वय माझ्यापेक्षा कमी, आवाज दुप्पट.

"स्टॅम्पपेपर विसरा," त्या म्हणाल्या. "कायद्यानं मिळणारी भरपाई अशी लिहून सोडता येत नाही. आणि भरपाई मुकादमाकडंच मागायची असं कुणी सांगितलं? काम बिल्डरचं. मजूर कुणामार्फत का आणेना, जबाबदारी त्याच्यावर येते. कामगार न्यायालयात दावा टाकायचा. दोन वर्षांची मुदत असते, तुमचे चार महिने गेलेत."

"आणि बांधकाम कामगार मंडळाचं कार्ड हाय आमच्याकडं."

"तो अर्ज वेगळा. पोलिसातली तक्रार वेगळी. एक केलं म्हणून दुसरं बुडत नाही, तिन्ही करायचं." मग त्यांनी दवाखान्याचा कागद उचलला. वाचला. माझ्याकडे बघितलं. "हे काय आहे? घरी पडले?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी शिवी दिली नाही, पण ओठांवर आलेली मला दिसली.

दावा टाकला. बिल्डरचं उत्तर आलं ते तर वरताण. त्या दिवशी अमावस्या, साइट बंद, सोलापुरात अमावस्येला गवंडीकाम होतच नाही, कुणालाही विचारा. आमचाच देवधर्म आमच्या छाताडावर ठेवला.

"त्या दिवशी साइटवर बाहेरचं काय काय आलं?" अपेक्षाताईंनी विचारलं.

"काँक्रीटच्या गाड्या."

"त्यांची पावती कोण घ्यायचं?"

मी खुर्चीतून उठलेच. पावती! गाडी आली की ड्रायव्हर पावतीवर सही घेतल्याशिवाय पाईप जोडत नाही. तारीख, वेळ, साइटचा पत्ता, सगळं छापलेलं. शिवप्पा खाली-वर धावत होता म्हणून सह्या करत होते शरणबसव.

कोर्टाकडून काँक्रीटच्या प्लँटला पत्र गेलं. महिन्यानं कागद आले. सहा पावत्या. पहिल्या तीनवर कानडीत सही, ठळक, शरणबसव. चौथीवर मराठीत, शिवप्पा. वेळ बघितली. मी दवाखान्याच्या दारात रिक्षातून नवऱ्याला उतरवत होते, तेव्हा माझा भाऊ चौथी गाडी उतरवून घेत होता.

तिथं मी रडले नाही. घरी जाऊन भांडी मात्र जोरात आपटली.

"साक," शरणबसव खाटेवरून म्हणाले. कानडीत एवढंच. पुरे.

"साक कसं? अजून सुरुवात न्हाय झाली."

माझ्या साक्षीच्या दिवशी बिल्डरच्या वकिलानं दवाखान्याचा कागद नाचवला. "बाई, हे तुम्हीच सांगितलं ना?"

"व्हय. मीच."

"म्हणजे तेव्हा खोटं बोललात की आता बोलताय?"

"तेव्हा. माझा भाऊ आत जाईल म्हणून बोलले. आता तो आत गेला तरी चालेल, पण खोटं न्हाय बोलणार."

लिहून घेणाऱ्या बाईंनी मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा टायपिंगला लागल्या.

पुढच्या तारखेला अनिलकुमारनं स्वतःचा साक्षीदार आणला. शिवप्पा. इस्त्रीचा शर्ट, नवी चप्पल. साइट बंद होती एवढंच म्हणायचं होतं त्याला. बोलावणं यायच्या आधी तो बाहेरच्या बाकावर माझ्याशेजारी येऊन बसला.

"चंद्री, शेठ तयार हाय. दावा काढून घे, संध्याकाळी घरी पैसे पोचवतो म्हणतोय."

"पोचवायचेत तर आत जजसाहेबांसमोर पोचव म्हणावं. घरी पाकिटं लई झाली."

"मला पुढचं काम देणार न्हाय तो."

"अण्णा, तुला वाटतंय तू त्याच्या बाजूचा. त्यानं उत्तरात काय लिवलंय, वाचलंस? साइट बंद होती, मुकादमानं परस्पर माणसं नेली असली तर त्याचं तो बघंल. हे तुझ्यावर ढकलायची तयारी हाय त्याची." मग सांगून टाकलं. "आणि चौथ्या पावतीवर तुझी सही हाय. आत जाऊन बंद होती म्हणालास तर तीच तुझ्या हातात देतील."

त्याचा चेहरा असा झाला की मला बघवेना. पण मी बघितलं.

अपेक्षाताईंनी मला बाजूला ओढलं. "अहो, ते का सांगितलंत? उलटतपासणीत धरला असता त्याला!"

"भाऊ हाय माझा. खड्डा हितं हाय एवढं सांगितलं. पडायचं का न्हाय, त्याचं तो बघंल."

पुकारा झाला. शिवप्पा उभा राहिला. शपथ घेतली. बिल्डरच्या वकिलानं हसून विचारलं, "त्या दिवशी अमावस्या होती, बरोबर?"

"बरोबर."

"मग साइट बंद होती."

शिवप्पानं आधी अनिलकुमारकडं बघितलं. मग भिंतीला टेकून उभ्या असलेल्या शरणबसवकडं. बाकावर फार वेळ बसता येत नाही त्यांना.

"चालू होती," शिवप्पा म्हणाला. "दाजी येत न्हवते. मी आणलं. मला शेठनी सांगितलं होतं, अमावस्या गेली खड्ड्यात, स्लॅब उद्याच पायजे. पट्टे मागितले होते मी, दिले न्हाईत. दवाखान्यात घरी पडला म्हणून सांगायला पण त्यांनीच लावलं. माझ्या बहिणीला मी लावलं."

वकिलाचं हसू जागच्या जागी राहिलं. "साक्षीदार उलटला, साहेब," तो म्हणाला.

"उलटला न्हाय," शिवप्पा म्हणाला, "सरळ झालाय."

मागच्या रांगेत अनिलकुमार उठला, मोबाईल कानाला लावत दाराकडे निघाला. साहेबांनी चष्म्यावरून बघितलं.

"तुम्ही कुठं निघालात? बसा. तुमची साक्ष अजून व्हायचीय."

तो बसला.