केरबाचा दगड आणि सुभेदारांचे डोके

केरबा न्हाव्याने साताऱ्याच्या सदर बाजारात तीस वर्षे लोकांच्या गळ्यावर वस्तरा ठेवला आणि एकाचाही जीव घेतला नाही, याचा त्याला कोण अभिमान! पण गेल्या वर्षभरात त्याच्या खुर्चीतून उठणारा प्रत्येक जण गालाला तुरटी चोळत बाहेर पडू लागला. केरबाने स्वतःच निदान करून टाकले, आपला हात गेला. साठी आली, आणखी काय होणार?

गिऱ्हाइकांचे एक वेळ सोडा. सांगलीला दिलेली लेक विजयमाला पोराचे जावळ काढायला माहेरी आली होती. गुरुवार ठरला होता, आणि आजा सख्ख्या नातवासाठी दुसरा न्हावी शोधत हिंडत होता.

"माझ्या हातनं ल्येकराचं रगत निघालं तर?" एवढेच तो बायकोला, बनुबाईला म्हणे. आतून मात्र तुटत होता बिचारा.

सोमवारी दुकान बंद असताना केरबाचे जुने मित्र लालासाहेब सुभेदार ही रड ऐकून मागच्या दाराने आले. एकाहत्तरच्या लढाईनंतर रिटायर होऊन ते कारखान्यात यंत्रांची हत्यारे घडवणाऱ्या खात्यात लागले होते. वाकडी रेघ दिसली की या माणसाला जेवण जात नसे. त्यांनी केरबाचा हात पाहिलाच नाही. त्याचा धारेचा दगड उचलला, त्यावर स्टीलची पट्टी उभी धरली आणि उजेडाकडे केली.

"बघ की हितनं."

पट्टीखालून मधोमध चांगला बोटभर लांब उजेड दिसत होता. तीस वर्षे घासून घासून दगडाचे पोट खपाटीला गेले होते.

"हात न्हाई गेला गड्या, दगड गेलाय. वस्तऱ्याची दोन टोकं तेवढी टेकत्यात. मधी धार यावी कशी?"

मग त्यांनी पिशवीतून एक पोलादी पाटी काढली. कारखान्यातून बाद झालेली, वर हिऱ्याची भुकटी बसवलेली. दिसायला तव्याचा तुकडा! त्यांनी दगडावर पेन्सिलीने आडव्या-उभ्या रेघा मारल्या, पाणी ओतले आणि दगड पाटीवर पालथा घालून केरबाला घासायला लावला.

"दाबू नगंस. हिऱ्याला जोर लागत न्हाई."

कडेच्या रेघा लगेच गेल्या, मधल्या काही हलेनात. तासाभराने शेवटची रेघ पुसली गेली तेव्हा दोघांच्या कोपरापर्यंत राखाडी चिखल झाला होता. सुभेदारांनी दगड आणि पाटी खळखळून धुतली. "आता दर सोमवारी रेघा मारायच्या आणि चार हात घासायचं. पुन्यांदा पोट आत जाऊ द्यायचं न्हाई."

केरबाने वस्तऱ्याला धार दिली, चामड्याच्या पट्ट्यावर चार फेरे मारले आणि मनगटाला लावला. लव नुसती फुंकरीने उडावी तशी उतरली. तेवढ्यात चहा घेऊन आलेल्या बनुबाईच्या कानावर हिऱ्याचे नाव पडले आणि तिने कपबशा तिथेच खाली ठेवल्या.

"हिऱ्याची भुकटी? आवं, हिरकणी पोटात गेली की माणूस मरतंय! आणि त्यो वस्तरा माझ्या नातवाच्या डोक्याला?"

"वैनी, ती भुकटी पाटीला चिकटलेली हाय. दगडाला लागत न्हाई," सुभेदार म्हणाले.

"तुमी बघितलंय? ल्येकराचा हात डोक्याला जातोय, मग तोंडात जातोय. मला काय शिकवताय?"

सरहद्दीवर दोन हिवाळे काढलेला माणूस, पण इथे त्यांची मात्रा चालेना. शेवटी ते खुर्चीत जाऊन बसले आणि टोपी काढली.

"केरबा, माझं डोकं कर. पार तुळतुळीत. गुरुवारपतूर जगलो, तर पोराचं कर."

केरबा चरकला. "मिशी?"

"मिशीला हात लावलास तर आजच मरशील!"

त्या संध्याकाळी सुभेदारांच्या गल्लीत हाहाकार उडाला. मुलाने मुंडण केले म्हणजे बाप गेला, हे सांगायला का लागते? लोक तोंड पाडून जमले. ओट्यावर पान कुटत बसलेल्या सुभेदारांच्या म्हाताऱ्या वडिलांनी, हंबीररावांनीच त्यांना विचारले, "कोण गेलं रं?"

गुरुवारी सकाळी सुभेदार केरबाच्या दारात हजर झाले, ठणठणीत. बनुबाईने त्यांना पाटावर बसवले, टोपी काढायला लावली आणि डोळे मिटून सगळ्या डोक्यावरून तळवा फिरवला. कानामागे, मानेशी, टाळूवर. कुठे ओरखडा म्हणून नव्हता.

"जित्ता हाय न्हवं, वैनी?"

तिने टोपी उचलून त्यांच्या डोक्यावर ठेवली. लेकीच्या कडेवरचे पोर घेतले आणि त्याच्या मामाच्या, म्हणजे आपल्या मुलाच्या, मांडीवर नेऊन ठेवले. केरबा अजून कोपऱ्यातच उभा होता.

"आवं, बघताय काय नुसतं? पाणी लावा की त्याच्या डोक्याला."

केरबाने पाणी लावले. देवाचे नाव घेऊन वस्तरा टेकवला, आणि मऊ काळ्या बटा बनुबाईच्या ओंजळीत पडू लागल्या. पोर शेवटपर्यंत रडले नाही. रडला तो केरबा, पण तोवर त्याने वस्तरा मिटून ठेवला होता.